दोन वाट्या तूप

पूनमसिंग नाईकाच्या तांड्यावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. नेरहून ऑटो भरभरून येत होते, बाभुळगावकडच्या मोटारसायकली देवीच्या ओट्यापासून पार पऱ्हाटीच्या वावरापर्यंत लागल्या होत्या. बादल महाराज आज देवीला कौल लावणार होते आणि खरं-खोटं देवी स्वतः जाळ करून सांगणार होती. फुकटात न्याय मिळतो म्हटल्यावर घरी कोण बसतो?

महाराजांचं वय तिशीचं, दाढी मात्र शंभरीची. "कोर्टात तारीख भेटते, माह्या मायजवळ निकाल भेटते," ते म्हणाले. "वकील नाही, स्टॅम्प नाही, आन् अपील तर नाहीच नाही." लोक खूश होऊन हसले.

ओट्यासमोर उभ्या असलेल्या रुपीबाईला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या कोर्टात तिची साक्ष होती. तूर सोंगताना तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, की भावसिंगानं धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणापायी चुलतभाऊ खेमसिंगाच्या शेतातल्या रांजणात फवारणीचं औषध ओतलं. ती धावत गेली आणि मजूर बाया पाणी प्यायला यायच्या आत तिनं दगड घालून रांजण फोडला. खापरांमध्ये विष सापडलं. पण ते ओतलं कोणी, हे सांगणारी ती एकटीच.

तेव्हापासून तांडा समजावत होता, तो भावसिंगाला नव्हे, तिला. "कोणी मेलं काय, काकी? नाही ना? मंग गुन्हा कायचा?" खुद्द खेमसिंगही मान खाली घालून म्हणाला होता, "राहू दे काकी, एकाच तांड्यात राह्याचं आहे." म्हणजे हिनं जीव वाचवले, म्हणून जीव घ्यायला निघालेला सुटणार. अशा हिशेबाला काय म्हणावं?

भोगाची रीत तांड्यात जुनी. निखाऱ्यांवर तूप सोडायचं. आपोआप ज्योत उठली की देवीनं भोग घेतला. पण या भोगानं आजवर कुणाचा खटला चालवला नव्हता. नाईकाला हे ठाऊक होतं. तो पागोटं सारखं करत बसला.

"घरचं तूप चालत नाही, त्याले संसाराचा वास येते," असं म्हणत महाराजांनी झोळीतून दोन पितळी वाट्या काढल्या. आधी भावसिंग. "म्या औषध टाकलं नाही," म्हणून त्यानं वाटी ओतली, महाराजांनी वरून शेला फिरवला आणि भप्पकन हातभर जाळ उठला. बायांनी हात जोडले.

मग रुपीबाई. "म्या पायलं तेच सांगतलं," म्हणत तिनं दुसरी वाटी ओतली. निखारे तडतडले, पांढरा धूर निघाला आणि सगळं काळं पडलं.

"देवीनं थुंकलं तुह्यावर," महाराज शांतपणे म्हणाले. "उद्या कोर्टाची पायरी चढशीन तर रक्त ओकशीन." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी लागते.

घरी तिची लेक अंजू येऊन बसली होती. ती नेरच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि आईला यवतमाळला न्यायला आली होती.

"मी येत नाही," रुपीबाई म्हणाली.

"रक्त ओकशीन म्हणून भेली काय, याडी?" अंजूनं आईला विचारलं.

"नाही वं. माह्याच डोळ्यायले भेली. भावसिंगच होता ना तो? का दुसराच कोणी होता? देवी खोटं काहून सांगंल?"

धमकीशी भांडायला अंजू कंबर कसून आली होती. पण आईचा आपल्याच डोळ्यांवरचा विश्वास कोणी चोरून नेला, तर तक्रार कुठे करायची?

"वकील पुसंल तसंच सांग," ती म्हणाली. "वाटी ओतली तवा काय झालं?"

"जाळ झाला नाही."

"हे न झालेलं. झालं काय?"

"तडतडलं. मंग धूर..." रुपीबाई बोलता बोलता थांबली. उभा जन्म तिनं लोणी कढवलं होतं. लोण्यात पाण्याचा अंश असतो तोवर ते तडतडतं आणि तडतड थांबली की तूप झालं, हे तांड्यातल्या प्रत्येक बाईला कळतं. तरीही ओट्यासमोर तो आवाज सगळ्याजणींनी ऐकला आणि एकीच्याही डोक्यात उजेड पडला नाही. हात जोडले की कानही मिटतात बहुधा.

"तूप नाही तडतडत," ती सावकाश म्हणाली. "पाणी तडतडते."

दोघी तशाच ओट्यावर परतल्या. बाया चुलीवर लापशी ढवळत होत्या, महाराज आणि भावसिंग पंगतीची वाट पाहत बसले होते आणि वाट्या झोळीजवळ तशाच खरकट्या पडल्या होत्या. रुपीबाईनं चुलीतले निखारे पुढे ओढले. आपल्या वाटीतलं उरलंसुरलं त्यावर निपटलं, ते तडतडलं. भावसिंगाच्या वाटीतलं निपटलं, तर भडका उडाला आणि देवळासारखा वास सुटला. मग तिनं घरून आणलेलं तूप सोडलं. ते मुकाट्यानं धुपलं आणि अंजूनं फुंकर घातल्यावर त्याची लहानशी ज्योत झाली.

"एका वाटीत कापराची पूड," अंजू मोठ्यानं म्हणाली, "दुसरीत पाणी घुसळलेलं. आन् याडी सांगते तो शेला फिरवला हवा द्याले. दुसऱ्या वाटीच्या वेळी काहून नाही फिरवला?"

तेवढ्यात भावसिंगच महाराजांवर खेकसला, "तुले म्हणलं होतं ना म्या, वाट्या घासून ठेव म्हणून!"

झालं. सगळं साटंलोटं त्यानं आपल्याच तोंडानं चव्हाट्यावर मांडलं.

महाराजांनी झोळी उचलली. "बरं, नाही जमलं. बाई तं कोर्टात जाऊनच राह्यली. कोणाचं काय बिघडलं? जे झालंच नाही, त्याचा गुन्हा कायचा?"

तेच वाक्य. रुपीबाईला ते आता पाठ झालं होतं.

"रांजण म्या फोडला, म्हणून त्यातलं पाणी गोड होतं काय?" ती म्हणाली. "तुमचं काम पुरं झालं नाही हे आमचं नशीब. ते तुमचं पुण्य नव्हे."

अंजूनं पोलिसांना फोन लावला. विष पोटात गेलं नाही तरी विष घालणं गुन्हाच असतो. साक्षीदार घाबरला नाही तरी त्याला घाबरवणं गुन्हा असतो आणि दोघांनी मिळून शिजवलेला कट फसला म्हणून तो धुतला जात नाही. कायद्याला हे समजतं. देवीच्या नावानं चालवलेल्या न्यायाला ते समजत नाही, कारण तो न्याय आरोपीनं भरलेल्या झोळीतून निघालेला असतो. डोळे, कान आणि अक्कल देवानं दिली असं मानत असाल, तर कौल आधी त्यांनाच लावा.

सकाळी एसटीला दोघीच होत्या. नाईकाच्या दाराशी कोणी उभं नव्हतं, आणि खेमसिंगाचं दार बंद होतं. रुपीबाईला त्याचं फार वाईट वाटलं. पुढची वर्षं याच दारांसमोरून पाणी आणायचं होतं.

कोर्टात भावसिंगाच्या वकिलानं विचारलं, "आजी, डोळ्यांनी पाहिलं याची खात्री आहे तुम्हाला?"

"आहे," रुपीबाई म्हणाली. "पायलं ते सांगतलं. आता काल कानानं आयकलं, तेही सांगू काय?"