पंपघरामागची नऊ ठोंबं

दर्शना जाधवने तीन वर्षांत गिनी गवताची एक हजार चारशे बारा रोपं वाढवली आणि ती सगळी आईची हुबेहूब नक्कल निघाली. या गवताची खोडच तशी आहे. फुलोरा येतो, पराग उडतात, दाणा भरतो, लग्नाचा सगळा थाट होतो; पण दाण्यातला गर्भ आई एकटीच तयार करते. बापाचं काम दाण्यात पीठ भरण्यापुरतं. लेकरात त्याचा अंशही नाही.

शेतकऱ्याला हे बरं, घरचं बी वर्षानुवर्षं तसंच उगवतं. नवं वाण काढणाऱ्याची मात्र पंचाईत. गोड पाल्याचं गवत इकडे, उन्हाळा काढणारं काटक गवत तिकडे, आणि दोघांचा संसार काही होत नाही. त्यासाठी बापाचा अंश खरोखर स्वीकारणारं एक झाड हवं होतं. हजारांत एखादं असं चुकून निपजतं; हवं होतं ते तेवढंच, फक्त एक. कॉलेजच्या मार्चमधल्या आढावा बैठकीत ते दाखवता आलं नाही, तर दिवा गावच्या खाडीकडचा कॉलेजचा दोन एकरांचा प्लॉट बंद होणार होता आणि त्याच्याबरोबर दर्शनाची पीएचडीही. तिचे मार्गदर्शक करंदीकर सर गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी हे तोंडावर सांगितलेलं. कोपरीच्या घरी आई रोज विचारायची, "काय गं, गवत काय म्हणतंय?" आणि दर्शनाला हल्ली त्याचा राग यायचा.

ऑक्टोबरात एका दुपारी ती पंपघरात डबा खात बसली होती. समोरच्या भिंतीवर कामांची यादी, तिच्याच अक्षरात. तिसरी ओळ होती : दर सोमवारी भेसळ काढणे. घास तिच्या हातातच राहिला.

पीएचडीच्या आधी ती दोन वर्षं एका बियाणे कंपनीत होती. बियाण्याच्या प्लॉटात वेगळं दिसणारं झाड म्हणजे भेसळ. दिसलं की उपटायचं. ती सवय तिच्याबरोबर इथे आली आणि यादीत जाऊन बसली. म्हणजे जे झाड ती डोळ्यांत तेल घालून शोधत होती, तेच दर सोमवारी उपटून टाकायला तिने सांगून ठेवलं होतं! एवढी शिकलेली मुलगी, आणि तीन वर्षांत एकदाही लक्षात येऊ नये?

प्लॉटवर काम करणारी बायजा पाटील बाहेर विळ्याला धार लावत होती. दर्शना तशीच खरकट्या हाताने धावली.

"मावशी, ती वेगळी दिसणारी झाडं कुठे टाकलीत?"

"तूच सांगितलेलंस ना, उपट म्हणून. उपटली."

"हो, पण टाकली कुठे?"

बायजाने विळा खाली ठेवला. "रागावशील."

"नाही रागावणार. शपथ."

"टाकली नाय गो. मुळासकट जितं गवत कोन टाकतं? पंपघराच्या मागं लावली. म्हशीला कापून नेते."

मागच्या नाल्याच्या कडेला नऊ ठोंबं उभी होती, काही किडमिडी, काही माजलेली, आणि सगळ्यांना फुलोरा फुटत होता. दर्शनाने बायजाला अशी मिठी मारली की तिच्या लुगड्याला डाळ लागली.

कॉलेजच्या माजिवड्याच्या प्रयोगशाळेत तिने नऊही ठोंबांच्या कळ्या औषधात पारदर्शक केल्या. त्या औषधाला कंबरदुखीच्या मलमाचा वास. मजलाभर लोक नाक मुरडत फिरत होते. नकला काढणाऱ्या झाडाच्या गर्भकोशात चार केंद्रकं असतात. खऱ्या फलनाच्या कोशात आठ, शिवाय टोकाला तीन पेशींचा झुबका. पहिलं ठोंब, चार. दुसरं, चार. आठव्यापर्यंत चारच. नवव्याला टोकाशी तीन पेशी दिसल्या. तिने वीस कळ्या पाहिल्या, विसांतही त्या होत्या. नकलेचा जीन आईच्या एका गुणसूत्राच्या चार प्रतींपैकी एकीवरच होता, आणि या लेकराच्या वाट्याला ती प्रत आलीच नव्हती.

करंदीकर सरांनी बराच वेळ पाहिलं. "सुरेख आहे. पण बैठकीत मला लेकरं दाखव. बापाची खूण असलेली."

बाप म्हणून तिने काटक गवत घेतलं. त्याच्या देठांवर दाट लव होती. नवव्या ठोंबाचे देठ मात्र गुळगुळीत. गुणसूत्रं दोघांची बत्तीस, म्हणजे पत्रिका जुळली. तिने फुलोऱ्यांना कागदी पिशव्या बांधल्या, सकाळी सकाळी त्यांवर बापाचे पराग झटकले आणि म्हशीचा चारा तात्पुरता दुसरीकडून आणायला लावला. दाणे मिळाले अडतीस. उगवले तेवीस.

फेब्रुवारीत रोपं वीतभर झाली. लव आता यायची तर येणार. दर्शना शेडच्या दारात उभी होती, पण पाय आत पडेना. पुन्हा नकलाच निघाल्या तर? बायजाला असली भीती नव्हती. ती सरळ आत गेली आणि पहिल्या कुंडीतल्या देठावरून बोट फिरवलं.

"बाय, ह्याला लव हाय."

"नीट बघा मावशी!"

"नीटच बघते. ह्यालाबी हाय. ह्याला नाय... ह्याला हाय. अगो, ही बापावर गेली!"

तेविसांपैकी चौदांना लव होती. उरलेल्या नऊंतही पान कुणाचं रुंद, कुणाचं निमुळतं. कुठलीही दोन रोपं सारखी नव्हती! तीन वर्षं एकच चेहरा बघून विटलेल्या दर्शनाला कुणाकडे बघू नि कुणाकडे नको असं झालं. आणि यांतली निम्मी बापाचा तो नकलेचा जीन घेऊन पुन्हा स्वतःच्या नकला काढणार होती. म्हणजे त्यांतलं सर्वांत सरस निवडायचं, आणि मग त्याचं बी कुणीही, कितीही वर्षं पेरावं.

तिने सरांना फोन लावला आणि नमस्कारसुद्धा न म्हणता ओरडली, "सर, बापावर गेलीयेत!"

"किती?"

"चौदा! उघड उघड चौदा!"

"मग बैठकीची काळजी सोड," सर म्हणाले, आणि त्यांचाही आवाज चढलेला होता. "पुढच्या पेरणीला दोन एकर पुरायचे नाहीत. मी आजच जास्तीची जागा मागतो."

दर्शना कुंड्यांमध्ये फतकल मारून बसली आणि भोकाड पसरून रडली. बायजा तिच्या पाठीवरून हात फिरवत एकेका रोपाला नाव देत राहिली : हे उंच होणार, हे लबाड, आणि हे खास म्हशीचं.