सहाव्या जागेची रंगीत तालीम

सुलभाबाईंना केनियाला जायचं होतं, आणि कारण विचाराल तर जिराफ. एवढी लांब मान असलेला प्राणी वाकून पाणी कसा पितो, यावरून त्यांचं आणि त्यांच्या मालकांचं तीस वर्षं भांडण चाललं. मालक म्हणत, गुडघे टेकतो. सुलभाबाई म्हणत, पुढचे पाय फाकवतो. भंडारा जिल्ह्यात राहून दोघांपैकी कुणीच जिराफ पाहिलेला नव्हता, त्यामुळे भांडणाला कधी खंड पडला नाही. मालक गेले, भांडण मागे राहिलं. फोनवर पाहून ते मिटवायला सुलभाबाई तयार नव्हत्या. "फोनात तं काहीबी दाखवते," त्या म्हणत.

त्यांचा मुलगा तन्मय आयर्लंडात ल्यूकनला राहायचा. तीन महिने त्याच्याकडे राहून त्या ऑगस्टात परत जाणार होत्या. नेमकं तेव्हाच तन्मय, त्याची बायको रुचा आणि अकरा वर्षांची ईशा केनियाला निघाले होते. आठ दिवस, तीन अभयारण्यं. आजींनीही बरोबर यावं, सफारी झाली की नैरोबीहूनच त्यांना मुंबईच्या विमानात बसवावं, असं ईशानं सुचवलं होतं. सगळं जमत होतं. आडवा आला तो नंदकुमार.

नंदकुमार तन्मयचा मित्र, जवळच्याच ब्लँचर्डस्टाउनचा. एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि घरातही हुद्दा उतरवून ठेवत नसे. सफारीची सगळी आखणी त्याची. जीपमध्ये गिऱ्हाइकांना सहा जागा. नंदकुमार, त्याची बायको मुक्ता, तन्मयच्या घरचे तिघे, झाले पाच. सहावी जागा त्यानं आपल्या कॅमेऱ्यासाठी धरली होती. त्याच्या भिंगाची लांबी दुधी भोपळ्याएवढी, आणि त्याला पट्टा बांधून बसवावं लागे.

"काकू, तुमच्याच काळजीनं म्हणतो," तो म्हणाला. "सहा-सहा तास जीपमध्ये बसायचं. उतरता येत नाही. बाथरूम नाही. तुम्हाला झेपणार नाही."

"मी पंधरा वर्सं वावरातल्या माळ्यावर बसून डुकरांपासून धान राखलं, भाऊ," सुलभाबाई म्हणाल्या. "तिथं कोणतं बाथरूम होतं?"

हुद्देवाल्या माणसाला उत्तर सुचलं नाही की तो बैठक घेतो. त्यानं रंगीत तालीम ठरवली. येत्या शनिवारी पहाटे पाचपासून अकरापर्यंत, त्याच्या उंच गाडीतून, नावन गावाकडच्या शेतरस्त्यांवर. काकू टिकल्या तर जागा काकूंची, नाही तर भिंगाची. नियमांचा कागद त्यानं प्लास्टिकमध्ये मढवून आणला. पहिला नियम: पाय जमिनीला लागला की बाद. दुसरा: बोलायचं नाही, हातानं खुणा करायच्या. तिसरा: कुरकुर वाजणारं काही खायचं नाही. चौथा: कपडे मातीच्या रंगाचे, निळे तर मुळीच नकोत, केनियातली चावरी माशी निळ्यावर येते.

"माशीनं लुगड्याचा रंग पाहून चावायचं असते काय, बाप्पा?" सुलभाबाईंनी विचारलं, पण शनिवारी त्या साडीवर तन्मयचं जुनं मातकट जाकीट चढवून हजर होत्या. शुक्रवारी संध्याकाळपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. नंदकुमारनं घंटी वाजवून दारात नियम वाचून दाखवायला सुरुवात केली, तोवर त्या गाडीत जाऊन बसल्याही होत्या. ईशानं मागून रेटा दिला होता. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: ईशा, आजी आणि आजीचा उजवा गुडघा. गुडघ्याचं दुखणं घरात कुणाला कळता कामा नये, असा आजी-नातीचा करार होता.

गाडी निघाली. नंदकुमार चालवतोय, शेजारी मुक्ता. मधल्या ओळीत सुलभाबाई आणि ईशा. मागे तन्मय, रुचा आणि त्यांच्यामध्ये पट्टा बांधलेलं भिंग.

पहिल्या दोन तासांत मेंढ्या दिसल्या. तिसऱ्या तासाला आणखी मेंढ्या. मुक्तानं पर्समधून चकली काढली, नियमाप्रमाणे न चावता तोंडात धरली आणि मऊ व्हायची वाट पाहत बसली. पुढे अर्धा तास तिचा गाल फुगलेला होता. तन्मय झोपला. रुचा झोपली. नंदकुमार थर्मासमधली कॉफी पीत होता, तिसरा कप.

कुंपणाच्या झुडपाखाली लालसर काहीतरी हललं, ते एकट्या सुलभाबाईंना दिसलं. कोल्हा! तोंडात पाखरू धरून तो गाडीकडे बघत उभा होता. बोलायची बंदी, म्हणून सुलभाबाईंनी नंदकुमारच्या खांद्यावर टिचकी मारली आणि कुंपणाकडे दाखवायला बोट वर केलं.

नंदकुमारचा चेहरा उजळला. "लागली ना बाथरूमला? म्हटलं नव्हतं मी! साडेतीन तासच झालेत, काकू!"

"अरे भाऊ, कोल्हा!"

सगळे जागे झाले. कोल्हा निघून गेला होता.

"तुम्ही बोललात," नंदकुमार म्हणाला.

"आधी तू बोललास," मुक्ता म्हणाली. चकली एव्हाना विरघळली होती.

नऊच्या सुमारास एका लोखंडी फाटकाशी गाडी थांबली. नंदकुमार बराच वेळ मांडीवर मांडी टाकून बसला होता. आता त्यानं घसा खाकरला. "फोटोसाठी उजेड कुठून येतो ते बघून येतो."

"नंदू, पहिला नियम," मुक्ता म्हणाली.

"मी गाईड आहे. गाईड उतरतो."

"गाईडला कॉफी जास्त झालीय," मुक्ता मागे वळून म्हणाली.

तो फाटकावरून उडी मारून झुडपामागे दिसेनासा झाला. पाच मिनिटं गेली. मग जमीन थरथरावी तसा आवाज आला आणि त्यामागून नंदकुमारची हाक, "मुक्ता!"

सगळे खिडकीला नाकं लावून बघायला लागले. रानाच्या मधोमध चारा घालायची लोखंडी गव्हाण होती. नंदकुमार तिच्या कठड्यावर चढून एका हातानं पॅन्ट सावरत उभा होता, आणि तीसेक तरणे गोऱ्हे त्याच्याभोवती रिंगण करून, ओल्या नाकांनी त्याला हुंगत होते. एकानं त्याचा बूट चाटायला घेतला होता.

"काहीतरी करा!" नंदकुमार ओरडला.

तन्मयनं दार अर्धं उघडलं आणि परत लावलं. "आई, ते मारतात का गं?"

"जन्म गेला तुह्या बापाचा बैलांत, आन् तू मले इचारतं!"

ईशा खिडकीतून फोटो काढत होती. "आजी, दिस इज द बेस्ट क्रॅक एव्हर!" तिच्या शाळेत धमालीला क्रॅक म्हणत.

सुलभाबाईंनी काच खाली केली. "नंदकुमार भाऊ! उतरू काय मी?"

"उतरा, काकू, उतरा!"

"मंग पाय जमिनीले लागन ना. पहिला नियम हाये तुमचा. प्लास्टिकात हाये."

"तो नियम रद्द!"

"असा तोंडी रद्द कसा होईन? मुक्ता, तू साक्षी हायेस?"

"आहे," मुक्ता म्हणाली. "पण तो कधीचाच बाद झालाय, काकू. त्याला नियम रद्द करता येतो का, हा प्रश्नच आहे."

"मुक्ता!" गव्हाणीवरून आवाज आला. एका गोऱ्ह्यानं त्याच्या सदऱ्याचं टोक तोंडात घेतलं होतं. "काकूंना उतरल्यावरही सूट आहे! लेखी देतो!"

सुलभाबाईंनी दाराच्या मुठीला हात घातला आणि थांबल्या. नियमाची सूट मिळाली होती, गुडघ्याची नव्हती. खाली उतरणं काय, कुणीही घसरतं. पण पुन्हा चढताना सगळ्या जगासमोर गुडघा उघडा पडणार, आणि तिकडची जीप याहून उंच. ईशानं त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली: नको. सुलभाबाईंनी रानाकडे पाहिलं. सदऱ्याचं टोक आता खिशापर्यंत गिळून झालं होतं.

"मरू दे," त्या म्हणाल्या आणि उतरल्या.

फाटकाची कडी काढून त्या आत शिरल्या, कडी परत लावली. गोऱ्ह्यांनी माना वळवल्या. सुलभाबाई हलल्या नाहीत. त्यांनी जिभेनं टक्-टक् केलं. पुढचा पांढऱ्या कपाळाचा गोऱ्हा दोन पावलं आला, मग चार. त्यांनी त्याचं कपाळ खाजवलं. "असा रे कसा तू. बाहेरचं कोणी पाह्यलं नाही काय कधी? चाल माह्यासंगं." त्या कुंपणाकडेनं लंगडत चालायला लागल्या आणि एकामागून एक तीस गोऱ्हे त्यांच्यामागे वरातीसारखे निघाले. नंदकुमार खाली उतरला, पळाला आणि फाटकावरून असा धडपडत बाहेर आला की मघासारखी उडी मारायची आठवणच राहिली नाही.

तेवढ्यात चारचाकी फटफटीवरून शेतकरी आला. त्यानं एकवार नंदकुमारच्या भिजलेल्या सदऱ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की हे अगदी ग्रँड, म्हणजे गरीब आहेत हो, नुसते भोचक. मधून चालत गेला असतात तरी बाजूला झाले असते. मग सुलभाबाईंकडे पाहून त्यानं टोपी काढली.

फाटक लावून सुलभाबाई गाडीपाशी आल्या. डावा पाय वर ठेवला. उजवा उठेना. दाराला धरून पुन्हा जोर केला. कळ थेट कमरेत गेली आणि त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. ईशा मागून रेटा द्यायला धावली, पण भर दिवसा, पाच जणांसमोर, तो रेटा रेट्यासारखा दिसला.

"आई, गुडघा कधीपासून?" तन्मयनं विचारलं.

सुलभाबाईंनी नंदकुमारकडे पाहिलं. त्यानं पाहिलं होतं, आणि त्यानं पाहिलंय हे त्यांनाही दिसलं. "भाऊ," त्या म्हणाल्या, "बसाले मी सहा काय, सोळा तास बसन. चढणंच तेवढं होत नाही. आता पाहा तुम्ही."

नंदकुमारनं गाडीच्या पायरीकडे पाहिलं. मागच्या सीटवरच्या भिंगाकडे पाहिलं. मग आपल्या सदऱ्याकडे, ज्याला आता खिसा नव्हता.

शेतकऱ्यानं मात्र विचार केलाच नाही. फटफटीवरचा दुधाच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट त्यानं उपडा करून दारापाशी ठेवला. सुलभाबाई त्यावर चढल्या, तिथून गाडीत, रोज माळ्यावर चढल्यासारख्या.

"एवढंच ना?" नंदकुमार म्हणाला. "घडीचं स्टूल मिळतं. माझ्या बॅगेत टाकू."

"आणि तुझं भिंग?" मुक्तानं विचारलं.

"घरी राहील. कोल्हासुद्धा काकूंनाच दिसला." त्यानं फोन काढला. "तन्मय, एजंटला आत्ताच कळवतो. काकूंचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव सांग."

"एक मिनिट, भाऊ," सुलभाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकाएकी बारीक झाला होता. "मले जायाचं हाये."

"कुठे?"

"बाथरूमले. पहाटेपासून."

"मग आत्ता चढताना का नाही बोललात!"

"जागा पक्की नव्हती ना तवा."

क्रेट पुन्हा लागला. शेतकऱ्याचं घर वाटेच्या टोकाशीच होतं. त्याच्या बायकोनं काही न विचारता दार दाखवलं आणि चहाला आधण ठेवलं. बाथरूमच्या दाराबाहेर नंदकुमार फोन घेऊन उभा राहिला, कारण एजंट लाईनवर होता.

"काकू, पूर्ण नाव!"

"सुलभा दीनानाथ मेश्राम!" आतून आवाज आला.

"जन्मतारीख?"

"एक जून!"

"खरी?"

"मास्तरानं लावलेली! खरी कोणाले माहीत! तिकडं वय इचारत असन तं कमीच सांगा!"