खटाऱ्याने काढा शोधला

मित्रांनो, मी इस्पितळातला एक जुना संगणक आहे. माझा पंखा घरघरतो म्हणून सगळे मला खटारा म्हणतात. म्हणू देत! म्हातारा झालोय, मठ्ठ नाही. इथल्या प्रत्येक रुग्णाची नोंद माझ्या पोटात आहे.

एकदा आमच्या डॉक्टरबाईंना शोधायचं होतं, की आपल्या औषधांसोबत काढे, लेप, ॲक्युपंक्चरच्या सुया असले इतर उपचार कोण कोण घेतं. त्यासाठी माझ्यातल्या प्रत्येक नोंदीत एक चौकट होती. बाईंनी पाहिलं, तर सगळ्यांची चौकट कोरी!

"बघा, आपल्याकडे तसलं कोणी करतच नाही," मोठे डॉक्टर म्हणाले.

बाई हसल्या. "सर, पाठदुखीला मी स्वतः सुया टोचून घेते. माझ्याही नोंदीत ती चौकट कोरीच आहे. तुम्ही ओरडाल म्हणून!"

मोठे डॉक्टर ओशाळून हसले.

मग बाईंनी ती चौकट सोडली. परिचारिका रुग्णांशी बोलता बोलता जे टिपून ठेवतात, त्यात त्यांनी मला साधे शब्द शोधायला लावले. काढा, लेप, मालिश. माझा पंखा असा काही घरघरला म्हणून सांगू! पण पडदा नावांनी भरून गेला. त्यात एक नाव इथे दाखल असलेल्या एका काकूंचं होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि नोंदीत लिहिलं होतं, 'बहिणीच्या काढ्याने बरं वाटतं म्हणतात.' बाई तडक काकूंकडे धावल्या आणि काढ्यात काय काय घालतात ते त्यांनी विचारून घेतलं.

"अगं बाई, काढा म्हणजे काय औषध आहे का?" काकू म्हणाल्या. "आणि सांगून बोलणी कोण खाणार?"

"काकू, त्यातल्या मुळीने रक्त पातळ होतं. ऑपरेशनमध्ये ते थांबलंच नसतं तर?"

काकूंचा चेहरा उतरला. "मला लेकीच्या घरी जायचंय हो. तिसरा मजला आहे. नातीला अजून मांडीवर घेतलं नाही."

"जाल की! आधी काढा बंद करू, मग थोड्या दिवसांनी ऑपरेशन."

आणि झालं की हो झकास! आता मोठे डॉक्टर प्रत्येकाला स्वतः विचारतात, "काढाबिढा घेता का? ओरडणार नाही, आईशप्पथ!"

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसाल तर बरंच वाटेल. पण डॉक्टरांपासून काही लपवू नका. तुम्ही सांगितलंत तरच माझ्या पोटात पडेल.

परवा काकू काठीशिवाय आल्या, कडेवर नात. मला थोपटून म्हणाल्या, "शाबास रे खटाऱ्या!" मोठ्या डॉक्टरांनी दोन बोटांनी टकटक करत माझ्यात नोंद केली, 'लेकीकडचे तिन्ही मजले चढल्या.'