जिथं बोट, तिथं सही

हिंगणघाटच्या शिक्षक कॉलनीत कोणाचं काही चांगलं झालं, की चौकात फ्लेक्स लागतो. पोरगं बारावी पास झालं, फ्लेक्स. कोणी तलाठी लागला, फ्लेक्स. मागे एकांच्या म्हशीचा प्रदर्शनात पहिला नंबर आला तेव्हा तिचाही लागला होता, आणि खरं सांगायचं तर त्या चौकात आजवर झळकलेल्या बऱ्याच जणांपेक्षा ती जास्त शोभत होती. त्यामुळे मंगळवारी सकाळी दूध घेऊन येताना सरोजिनीबाईंना चौकात आपल्या नवऱ्याचा फोटो दिसला, तेव्हा काही नवल वाटलं नाही. श्रीनिवासराव शुक्रवारी अंटार्क्टिकाला निघायचे होते.

फ्लेक्सवाल्यानं मागे बर्फ टाकला होता, पेंग्विन चिकटवले होते आणि त्यांच्यात एक पांढरं अस्वलही उभं केलं होतं. बाईंचा जीव आधी त्या अस्वलावरूनच वरखाली झाला. एकतीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई ती. अस्वल उत्तर ध्रुवावरचं, ते इथं कुठून आलं? मग नजर शेजारी गेली. नवऱ्याच्या बाजूला काळा चष्मा लावलेले, त्यांचे सकाळच्या फिरण्यातले मित्र रूपराव होते. खाली लिहिलं होतं, ‘अंटार्क्टिका सफरीवर निघालेले कॉलनीचे भूषण श्रीनिवासजी व रूपरावजी यांना हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक: मॉर्निंग वॉक मित्र परिवार.’

रूपराव? ते कुठं चालले?

ही सफर मुळात सरोजिनीबाईंची. सातवीच्या पोरांना फळ्यावर तो खालचा पांढरा खंड काढून दाखवताना त्यांनी स्वतःला कबूल केलं होतं, की रिटायर झाले की तिथं जाईन. मुंबईच्या एका कंपनीचं आलिशान जहाज त्यांनीच शोधलं. दोघांची एक केबिन, केबिनला बाल्कनी, बर्फावर उतरायला रबरी बोटी, संध्याकाळी शास्त्रज्ञांची व्याख्यानं. बोटीत चढता-उतरता यावं म्हणून बाई वर्षभर दर रविवारी गिरडची टेकडी चढत होत्या. डॉक्टरांनी फिटनेसच्या फॉर्मवर सही दिली त्या दिवशी त्यांनी घरी शिरा केला होता.

आणि सप्टेंबरात एका दुपारी श्रीनिवासराव लॅपटॉप मिटून म्हणाले होते, “सरू, तुझा फॉर्म कंपनीनं नापास केला. बीपी आहे म्हणते. जहाजावर रिस्क नको त्याईले.”

बाई दोन दिवस रडल्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, “तुम्ही तरी जा. माझ्या डोळ्यांनी पाहून या.” नवऱ्याला हिमनग आणि हिमनदी यांतला फरकही ठाऊक नव्हता. म्हणून त्यांनी रोज दुपारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून त्यांना शिकवलं. कोणता पेंग्विन कुठं दिसेल, कुठं उभं राहून काय पाहायचं. ते जांभया देत मान हलवायचे. दोन महिने हा वर्ग चालला.

दुधाची पिशवी हातात घेऊनच बाई रूपरावांच्या घरी गेल्या. जिजाबाई, म्हणजे रूपरावांची बायको, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

“या ना बाई! फ्लेक्स पाह्यला का? आमचे हे तं सकाळपासून तीनदा पाहून आले.”

“रूपरावजी कधी ठरले, जिजाबाई?”

“आता दोन-अडीच महिने झाले. तुमीच नाई म्हनलं ना? तुमचे साहेब सांगत होते, बाईले थंडी सोसत नाई, त्याईनं आपल्या हातानं नाव काढलं. मी म्हनलं, किती मोठं मन हाय! आपली जागा दुसऱ्याले कोन देते?”

जिजाबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच कौतुक होतं.

घरी येऊन त्यांनी कंपनीला फोन लावला. आजवर कंपनीशी सगळं बोलणं श्रीनिवासरावच करायचे. फोनवर मयुरी नावाची मुलगी होती. तिनं कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाली, “मॅडम, तुमचा फिटनेस तर ऑगस्टमध्येच पास झाला होता. नंतर तुम्हीच नाव बदलायचा अर्ज पाठवला ना? थांबा, व्हॉट्सअ‍ॅप करते.”

“आता परत माझं नाव घालता येईल का?”

“सॉरी मॅडम. जहाज फुल आहे.”

अर्ज आला. ‘मी स्वेच्छेने माझी जागा श्री. रूपराव यांना देत आहे.’ खाली सही होती, आणि ती सरोजिनीबाईंचीच होती. बनावट असती तर बरं झालं असतं. पण तो ‘स’चा पीळ, ती शेवटची आडवी रेघ, सगळं त्यांचं.

मग आठवलं. पोळ्या चालल्या होत्या. श्रीनिवासराव कागदांचा गठ्ठा घेऊन ओट्यापाशी आले, वरचा भाग दुमडलेला, “इथं कर, इथं, अन् इथं.” बाईंनी पदराला हात पुसून सह्या केल्या. चाळीस वर्षं या घरात असंच चालत आलं होतं. बँक असो, विमा असो, लाइटचा मीटर असो, ते बोट ठेवत आणि बाई सही करत. वर्गात पोरांना त्या ओरडून सांगायच्या, प्रश्न दोनदा वाचा, मग पेन उचला. घरात मात्र त्यांनी एक ओळ कधी वाचली नाही. नवऱ्याचा कागद काय वाचायचा?

केसानं गळा कापला या माणसानं, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या. घरात कोणी नव्हतं.

श्रीनिवासराव फिरून आले, तेव्हा बाईंनी मोबाइल समोर धरला. त्यांनी नाकारलं नाही. आधी विचारलं, “कोणी सांगितलं?”

“काऊन केलं तुम्ही असं?”

ते सोफ्यावर बसले. “खरं सांगू? तू सोबत असली की मी फिरायला नसतो, वर्गात असतो. हे पाहा, ते लक्षात ठेवा. रूपराव असला की दोन डाव पत्ते होतात, हसणं होते. मले जरा मोकळं फिरायचं होतं.”

“मग तसं सांगायचं होतं. मी एकटी गेली असती.”

“तू? एकटी?” ते हसले. त्यांना खरंच गंमत वाटली. “जाऊ दे आता. संध्याकाळी सत्कार आहे, ओवाळायचं तुलेच आहे. लोकांसमोर तमाशा करू नको.”

एखादी दुसरी बाई मध्ये असती तर बाईंनी समजून घेतलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. पत्त्यांच्या दोन डावांसाठी आपली जागा गेली, याचं काय करायचं ते त्यांना कळेना.

संध्याकाळी कॉलनीच्या सभागृहात दोघांना शाल-श्रीफळ दिलं गेलं. भाषणं झाली. मग सरोजिनीबाईंच्या हातात ताट दिलं. त्या स्टेजवर चढल्या, ताट टेबलावर ठेवलं आणि माइक घेतला.

“मी फिट होती,” त्या म्हणाल्या. “माझं नाव मी काढलं नाही. ह्यांनी मले न सांगता माझी सही घेतली अन् माझी जागा दिली.”

श्रीनिवासराव झटकन दुसऱ्या माइककडे वाकले. “बाई मजाक करून राह्यल्या! पंधरा दिवस मी नसणार, म्हणून आत्तापासूनच रुसून बसल्या!” आणि सगळे हसले. सुटल्यासारखे, मनापासून हसले. जिजाबाईही हसल्या.

सरोजिनीबाई माइक धरून उभ्या राहिल्या. त्यांनी हसणं पूर्ण संपू दिलं. मागच्या रांगेतला शेवटचा माणूस गप्प होईपर्यंत वाट पाहिली. मग तेच वाक्य, त्याच आवाजात, शब्दही न बदलता, पुन्हा म्हटलं.

या वेळी कोणी हसलं नाही. रूपरावांनी मित्राकडे पाहिलं आणि हळूच अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली. श्रीनिवासराव आपली शाल घट्ट धरून बसले होते.

अंटार्क्टिका काही सरोजिनीबाईंना मिळणार नव्हतं. त्या कोणालाही न ओवाळता पायऱ्या उतरून खाली आल्या.