मर्लचा डावा कान

डॅरिन क्वेडने बेलफोर्कचा संघ सोडल्याचं सांगितलं ते रविवारी दुपारी, सासऱ्याच्या टेबलावर, सासूच्या हातचे कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, खाता खाता. दुसरा कुणी असता तर शाळेत आला असता, दार लोटून घेतलं असतं, जरा मान खाली घातली असती. याने आणखी एक कोलाचा उचलला आणि म्हणाला की डोरिंगच्या शाळेने मला मुख्य कोच म्हणून बोलावलंय आणि मी हो म्हणालोय. डोरिंग म्हणजे आमचं शेजारचं गाव. हंगामातला शेवटचा सामना दरवर्षी त्यांच्याशीच असतो, आणि बाकी सगळे हरलो तरी तो एक जिंकलेला गावाला पुरतो.

मी तिथेच होतो. माझी बायको गेल्यापासून रविवारचं माझं पान हान्झलिकांकडेच असतं. मर्ल हान्झलिक आमच्या शाळेच्या फुटबॉल संघाचा मुख्य कोच. आमच्याकडचा फुटबॉल चेंडू हातात घेऊन खेळतात. मी त्याच्या हाताखाली पुढच्या फळीतल्या धिप्पाड पोरांना तयार करतो. आणि डॅरिन हा मर्लचा जावई, आमच्या आक्रमणाचा कोच. चेंडू आपल्याकडे असला की कधी पळायचं आणि कधी हवेतून फेकायचं, हे सगळं तो ठरवायचा. चेंडू दुसऱ्याकडे असला की त्याला आडवं कसं पाडायचं हे मर्लइतकं आख्ख्या नेब्रास्कात कुणाला कळत नसेल. पण चेंडू आपल्याकडे आला की त्याचा चेहरा पाहुण्यांचं तान्हं मूल मांडीवर दिल्यासारखा होतो.

मर्लने डावा कान ओढला. त्याच्या बायकोने, आर्डिथने, जावयाला एवढंच विचारलं की मग रविवारी जेवायला येणार ना. तो म्हणाला, येणार म्हणजे काय. जनेलने, त्यांच्या लेकीने, सुटकेचा निःश्वास सोडला आणि आर्डिथने पत्ते वाटायला घेतले.

आमच्याकडे जेवणानंतर पत्त्यांचा पिच खेळतात. बोली लावायची, जो जास्त बोलेल त्याने हुकूम सांगायचा, मग हात ओढायचे. मर्ल या खेळात कायम हरतो, कारण हातात एक्का आला की तो डावा कान ओढतो. मनात काही दडवायचं असलं की त्याचा हात आपोआप तिकडे जातो. हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फक्त मर्लला नव्हतं, आणि त्याला सांगावं असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं.

गावाने बातमी पचवायला आठवडा घेतला. मग एका दुपारी कॅफेत, दालचिनीचा रोल चिलीच्या तिखट रश्श्यात बुडवता बुडवता, धान्यकोठाराचा मॅनेजर मोठ्याने म्हणाला की इतकी वर्षं डोकं जावयाचं आणि टोपी सासऱ्याची होती, आता नुसती टोपी उरली. मर्ल मागच्याच टेबलावर होता. तो उठून त्याच्यासमोर उभा राहिला.

"या वर्षी आक्रमण मी बघणार," मर्ल म्हणाला. "डोरिंगकडून हरलो तर ही शिट्टी तुझ्या हातात ठेवीन. मग तू शिकव पोरांना."

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, रागाच्या भरात बोललास, आत जाऊन शब्द मागे घे, लोक विसरतील. त्याने गाडीची किल्ली बोटांत फिरवत माझ्याकडे पाहिलं.

"एल्रॉय, तो खरं बोलला असेल तर? मला ते कळायलाच हवं रे."

मी चष्मा पुसला आणि म्हणालो की तो मॅनेजर मूर्ख आहे, त्याच्या बोलण्यात काही तथ्य नाही.

डॅरिनची पद्धत अशी होती की मैदानाच्या कडेला पोरं मोठाले चित्रांचे फलक वर धरायची. एकावर ट्रॅक्टर, एकावर गाय, एकावर मक्याचं कणीस. चार फलक वर गेले तरी त्यातला खरा एकच, आणि तो कोणता हे आमच्या पोरांना माहीत. ट्रॅक्टर म्हणजे मधून पळायचं, गाय म्हणजे लांब फेकायचं. आता हे सगळं डॅरिनच्या डोक्यात बसून डोरिंगला गेलेलं. मर्लने एका रात्रीत अर्थ फिरवले. गाय पळणार आणि ट्रॅक्टर उडणार.

पहिल्या सामन्यात ट्रॅक्टर वर गेला. माझी फळी दोन वर्षांच्या सवयीने मधून घुसली. कोल्बी व्हिटॅक, आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू ज्याच्या हातात आधी येतो तो मुलगा, त्याने नव्या अर्थाप्रमाणे चेंडू लांब फेकला. तिथे आमचं कुणी नव्हतं. तो झेलला पाहुण्यांच्या चीअरलीडरने, आणि झेल इतका सुरेख होता की आमच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. मर्लने त्यानंतर सगळे फलक गाडीत कोंबले, जुन्या ढीगभर चालींतल्या मूठभर ठेवल्या, आणि चित्रकलेच्या वर्गाकडून नवी चित्रं काढून घेतली. चर्च दिसलं की सगळ्यांनी सरळ मध्ये घुसायचं, बदक दिसलं की फेकायचं. पोरांना एका दुपारी पाठ झालं. खरं सांगायचं तर माझी फळी खूश होती. डॅरिनच्या काळात त्यांना इतक्या वेळा मनसोक्त कुणाला ढकलायला मिळालं नव्हतं.

आम्ही जिंकायलाही लागलो. पळण्यात आम्हाला कुणी अडवेना. पण बदक वर गेलं की समोरचा संघ आधीच मागे सरकून वाट पाहत असायचा. हरलो ते सामने बदकांमुळेच हरलो. मर्ल म्हणायचा, पोरांना फेकताच येत नाही. कोल्बी म्हणायचा, सर, त्यांना आधीच कळतं. मर्ल म्हणायचा, सबबी सांगू नकोस.

आमच्याकडे सामन्याआधी दोन्ही संघ आपापल्या खेळांचं चित्रण एकमेकांना पाठवतात. तसा रिवाजच आहे. डोरिंगला पाठवायचं चित्रण मी शाळेत बसून बघत होतो आणि मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. चित्रणाच्या एका कोपऱ्यात मर्ल उभा होता. चर्च असलं की तो हाताची घडी घालून उभा. बदक असलं की डावा कान. प्रत्येक बदकाला. एकदा तर इतका ओढला होता की टोपी तिरकी झाली. बाकीच्या संघांना हे हळूहळू कळत गेलं असेल. डॅरिनला तर बघायचीही गरज नव्हती. तो गेली कित्येक वर्षं रविवारी याच कानाच्या जिवावर पिच जिंकत आला होता.

मर्लला सांगून टाकावं, असं मनात आलं. पण मी त्याला ओळखतो. कान ओढू नकोस म्हटलं की तो नाक ओढील, आणि वर ते मनाला लावून घेईल. शेवटी मी कोल्बीला गाठलं. आमचं ठरलं ते असं: डोरिंगविरुद्ध कोचचं सगळं ऐकायचं. फक्त अगदी निकराची वेळ आली, फलक बदकाचा असला आणि मर्ल कानाला लटकला, तर मी टोपी काढीन. मी टोपी काढली की कोल्बीने फलकाच्या उलट करायचं.

"कोचना हे माहितीये?" कोल्बीने विचारलं.

"नाही. आणि कळूही द्यायचं नाही."

"म्हणजे आपण त्यांनाच फसवायचं?"

"त्यांच्या भल्यासाठी," मी म्हणालो, आणि ते बोलताना माझं मलाच बरं वाटलं नाही.

गुरुवारी सरावानंतर मर्लने मला विचारलं की तुझं आणि कोल्बीचं काय कुजबुजणं चाललंय. मी म्हणालो, काही नाही रे, पोरांच्या बुटांचं बोलत होतो. चष्म्यावर धूळ बसली होती ती पुसली. मर्लने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "बरं."

सामना डोरिंगच्या मैदानावर होता. आमच्याकडच्या मोकळ्या वाऱ्याला त्या दिवशी जोर आला होता. आर्डिथ आणि जनेल दोन्ही गावांच्या प्रेक्षकांच्या मध्ये बसल्या होत्या, एकीच्या खांद्यावर आमच्या रंगाचं पांघरूण आणि दुसरीच्या त्यांच्या, आणि दोघींच्या मध्ये कॉफीचा थर्मास. धान्यकोठाराचा मॅनेजर पहिल्या रांगेत होता. पलीकडच्या कडेला डॅरिन उभा होता आणि तो मैदानाकडे बघतच नव्हता. दर चालीआधी त्याची नजर सरळ सासऱ्यावर. कानाला हात गेला की तो ओरडायचा आणि त्याची सगळी पोरं मागे सरकायची. मला इतका राग आला की मी हातातली खारवलेली आख्खी काकडी चावून फोडली आणि तिचं पाणी शर्टावर सांडलं.

तरी आमची बचावाची पोरं मर्लच्या हाताखाली वाढलेली. डोरिंगला त्यांनी फार पुढे जाऊ दिलं नाही. शेवटी परिस्थिती अशी आली की आम्ही गुणांत थोडेसे मागे होतो, त्यांची रेषा चार पावलांवर होती आणि चाल एकच उरली होती. चेंडू रेषेपलीकडे गेला तर जिंकलो. नाही गेला तर शिट्टी मॅनेजरच्या हातात.

मर्लने फलकवाल्या पोरांच्या कानात काहीतरी सांगितलं. मग तो कडेला येऊन उभा राहिला आणि त्याने डावा कान धरला. नुसता धरला नाही, गाईचं दूध काढावं तसा ओढला. पलीकडे डॅरिन ओरडला. डोरिंगची सगळी पोरं मागे पळाली. मी म्हटलं, आलीच ती वेळ. हात टोपीकडे गेला. कोल्बी माझ्याकडेच बघत होता. टोपी उचलता उचलता सवयीने मी खऱ्या फलकावर नजर टाकली.

फलकावर चर्च होतं.

मी पुन्हा बघितलं. चर्चच. कान बदकाचा आणि फलक चर्चचा. मर्ल माझ्याकडे बघत नव्हता, तो शांतपणे समोर बघत कान ओढत होता. मी आता टोपी काढली तर कोल्बी उलटं करणार, म्हणजे फेकणार, आणि ती डोरिंगची सगळी पोरं तर त्याचीच वाट बघत मागे उभी. नेमका तेव्हाच वारा आला. टोपी कपाळावरून वर उचलली गेली. मी दोन्ही हातांनी ती डोक्यावर दाबली, गुडघ्यात वाकलो आणि तसाच राहिलो. लोकांना वाटलं मला चक्कर आली.

पुढचं मी वाकूनच पाहिलं. माझी फळी मधून घुसली, समोर अडवायला जवळपास कुणी नव्हतंच, आणि कोल्बी चेंडू पोटाशी धरून रविवारच्या प्रार्थनेला निघाल्यासारखा रेषेपलीकडे गेला. मी ओरडलो की रडलो ते मला सांगता येणार नाही. मॅनेजरने मर्लचा हात दोन्ही हातांत धरला आणि तो सोडेचना.

रविवारी डॅरिन वेळेवर आला. मागच्या दाराने आला हे खरं, पण आला. जेवणभर कुणी फुटबॉलचं नाव काढलं नाही, कारण आर्डिथच्या टेबलावर ते चालत नाही. कोलाचे आल्यावर मात्र डॅरिनला राहवलं नाही. तो आजही सासऱ्याला कोचच म्हणतो.

"कोच, ती चाल कुणाची होती?"

"माझी," मर्ल म्हणाला.

"आणि कानाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मर्लने माझ्याकडे बोट दाखवलं. मी घाईने म्हणालो की मी अवाक्षरही काढलं नाही.

"तू काढलं नाहीस," मर्ल म्हणाला. "पण तू खोटं बोललास की चष्मा पुसतोस. गुरुवारी बुटांचं सांगताना तू तो इतका पुसलास की मी घरी येऊन हिला विचारलं, हे लोक माझ्यापासून काय लपवताहेत. हिने कानाचं सांगितलं. बदक असलं की तेवढा ओढत राहिलो, नाहीतर याला संशय आला असता. खोटा कान मात्र एका चर्चसाठी जपून ठेवला."

मी आर्डिथकडे वळलो. म्हटलं, तुला इतकी वर्षं माहीत होतं तर त्याला आधी का नाही सांगितलंस? ती पत्ते पिसत होती.

"मग मी जिंकले कशी असते?"

जनेल हसत सुटली. डॅरिनला हसू आलं नाही. ताटलीतला चुरा बोटाने गोळा करत तो म्हणाला की मी या गावातून गेलो, कारण इथे सगळे म्हणायचे डोकं माझं आहे, आणि तिकडे जाऊन मला बघायचं होतं की ते खरं आहे का. मर्लने मान डोलावली. म्हणाला, मलाही तेच बघायचं होतं. जनेलने दोघांच्या कपात कॉफी ओतली.

पत्ते वाटले गेले. मर्लने आपले पाच-सहा पत्ते उघडून पाहिले आणि त्याचा हात डाव्या कानाकडे गेला. टेबलावर सगळे थबकले. डॅरिनने सासऱ्याकडे बघितलं, कानाकडे बघितलं, ओठ दाबून हसला. म्हणाला, नाही हं कोच, एकदा फसलो, पुन्हा नाही. आणि त्याने होती नव्हती तेवढी सगळी बोली लावून टाकली. बदामाचा हुकूम सांगितला आणि छातीठोकपणे राजा खाली ठेवला.

मर्लने त्यावर बदामाचा एक्का ठेवला. मग तो खुर्चीत मागे टेकला आणि दुसरा हात उजव्या कानाकडे नेत माझ्याकडे बघून हसला. माझ्या हातात चष्मा होता. मी तो पुसायचा थांबलो.