बापूसाहेबांची बिनक्लचची गाडी

सरूबाईंची गाडी आज विकली जाणार होती, आणि गिऱ्हाईक आलं होतं नेमकं त्यांच्या माहेरचं, वरवंडचं.

गाडी लहानशी, पांढरी, बिनक्लचची. नवऱ्याचा, म्हणजे बापूसाहेबांचा, गुडघा कुरकुरायला लागला म्हणून घेतलेली. गिअर तिचे तीच बदलायची. पण बापूसाहेबांच्या हाती आली की प्रत्येक गिअरला दम खायची, आतली माणसं पुढं झुकायची आणि मग पाठ सीटवर आदळायची. बापूसाहेबांनी जन्मभर ट्रॅक्टर हाकलेला. गाडी अडखळली की ते ॲक्सिलेटर आणखी दाबायचे. रांजणगावच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या सुनेनं, हर्षदानं, सांगून पाहिलं होतं, "मामा, इंजिनाचा आवाज चढला की पाय जरासा उचला. गिअर पटकन पडतो. दाबून धरलं की तिला उशीर लागतो."

"गाडी मी घेतलीया का गाडीनं मला?" बापूसाहेब म्हणाले, आणि विषय संपला.

सरूबाईंचा विषय मात्र तिथूनच सुरू झाला. त्यांचा पाय शिलाई मशीनवर मुरलेला. कॉलरच्या कोपऱ्यावर हलकं कसं व्हायचं ते त्याला पुन्हा शिकवावं लागलं नाही. हर्षदानं मागं लागून लायसनही काढून दिलं. बापूसाहेब सोसायटीत गप्पा हाणायला गेले की बाई किल्ली उचलायच्या. आवाज चढला, पाय हलका, गिअर पडला, पाय खाली! साठीला टेकलेल्या बाईनं भर दुपारी एकटीनं गाडीत खिदळत जावं, हे शोभतं का? नसेल शोभत. त्यांना फार मजा यायची. बापूसाहेबांना वाटायचं, ही डेअरीपर्यंत जाते. ती भीमेच्या पुलापर्यंत जाऊन येते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि आता गाडीच खोटी ठरवून त्यांनी ती विकायला काढली होती.

म्हणून गिऱ्हाईक पोपटराव पुढच्या सीटवर आणि बापूसाहेब स्टिअरिंगवर बसले, तेव्हा मागं बसलेल्या सरूबाईंनी मनोमन खंडोबाला हात जोडले. देवा, यांना आज असंच चालवू दे.

देव लगेच पावला. न्हावरं गाव मागं पडेपर्यंत पोपटरावांची टोपी डोळ्यांवर आली होती. उसाची ट्रॉली ओलांडायला गेले, तर ऐन मोक्याला गाडीनं दम खाल्ला, समोरून एसटी आली आणि बापूसाहेब निमूट पुन्हा ट्रॉलीच्या मागं. सरूबाई पदराचा बोळा तोंडात धरून हसत होत्या.

पुलाजवळ पोपटराव खाली उतरले आणि टोपी सारखी करत म्हणाले, "नगं, बापूसाहेब. गिअरची पेटी गेलीया. भंगारवाला बगा."

"मी तरी काय म्हणतोय? डबडंच हाय ते!"

झालं. गाडी वाचली. आता बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. पण तेवढं एकच त्यांना जमेना. कुणाला न विचारता कुठंही जाता येतं, हे सुख जिनं दिलं, तिला डबडं?

"उतरा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"आँ?"

"उतरा म्हणते न्हवं! मागं बसा. आन् पोपटराव, तुम्ही बसा परत."

पोपटरावांनी भीतीनं वरचं हँडल धरलं होतं. तिसऱ्या गिअरला ते सोडलं. टोपी जागची हलली नाही. समोर दोन ट्रॉल्या ओढत, ढणाढणा गाणी वाजवत ट्रॅक्टर चाललेला. रस्ता मोकळा दिसताच बाईंनी गाडी बाहेर काढली. पाय वर, पाय खाली, गाडी सटकन पुढं! सरूबाईंच्या तोंडून अशी आरोळी निघाली, जी लग्नानंतर कधी निघाली नव्हती.

"आक्का, अजून येक घ्या!" पोपटराव पोरासारखे ओरडले. आक्कांनी अजून एक ट्रॉली मागं टाकली.

दारात गाडी थांबली तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. पोपटराव बोनेटवरून हात फिरवत होते.

"ठरलं, बापूसाहेब. आजच नेतो. गाडीत कायबी खोट न्हाई."

 किल्ली सरूबाईंनी मुठीत आवळून धरली.

बापूसाहेब मागच्या सीटवरून सावकाश उतरले.  पोपटरावांनी पुढं केलेल्या हाताकडं त्यांनी पाहिलं आणि आपला हात पाठीमागं नेला.

"गाडीत खोट न्हाई, ते मलाबी आत्ताच कळलं, पाव्हणं. खोट डायवरात हाय. आन् मी इकायला काढलं व्हतं ते खोट असल्यालं. तवा डायवर न्या. जुना हाय, आवाज लई करतोय. परवडत आसंल तर बगा."

पोपटराव आपली मोटारसायकल चालू करेपर्यंत हसत होते. सरूबाईंना मात्र हसावं की रडावं कळेना, आणि त्यांनी दोन्ही केलं.

बापूसाहेब सवयीनं उजव्या दाराशी गेले. दार उघडलं, थांबले, पुन्हा लावलं. मग वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

"चल," ते समोर बघत म्हणाले.

"कुठं?"

"ते मला काय इचारतीस? गाडी तुझी हाय."