भुसावळचा थ्रॉसलबी

माझी लेक रोहिणी जर्मनीत एर्लांगेनला असते. २०१४ साली मी तिच्याकडे राहायला गेलो, तेव्हा शेजारी थ्रॉसलबी नावाचा एक म्हातारा इंग्रज राहायचा. हे आडनाव इंग्लंडात अकरा जणांचं आणि जर्मनीत त्याचं एकट्याचं. कॉम्प्युटरवर एका वेबसाइटवरचा आडनावांचा नकाशा दाखवून बिचारा म्हणाला, "मी गेलो की हा ठिपका पुसला जाणार."

मला राहवेना. म्हटलं, "आमच्या भुसावळला आहे की एक थ्रॉसलबी. रेल्वेत फिटर आहे. नाक थेट तुमच्यासारखं, आणि भेटला की मला जय भीम करतो."

ती शुद्ध थाप होती. पण पठ्ठ्याने भारताच्या विमानाचं तिकीटच काढलं.

रोहिणी म्हणाली, "बाबा, आत्ताच्या आत्ता जाऊन खरं सांगून या."

मी गेलो. थ्रॉसलबीने दार उघडलं आणि मला थेट कॉम्प्युटरपुढे नेलं. त्या वेबसाइटवर त्याच सकाळी नवा नकाशा आला होता. त्यात भारतावर एकच ठिपका होता आणि शेजारी लिहिलं होतं, भुसावळ.

मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, "अहो, मी थाप मारली होती."

तो डोळे पुसत हसला. म्हणाला, "यादवराव, थापा मारणं तुम्हाला जमत नाही."